तालुक्याची कबड्डी स्पर्धा: कचरा कमी, मान बरोबरीचा

हा लेख पहिल्यांदाच उघड्या मैदानावर कबड्डी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांसाठी आहे. आकडे सांगायला सोपं जावं म्हणून एक आकार धरू: तीन संध्याकाळी, शेजारी शेजारी दोन मैदानं, पुरुषांचे १२ आणि महिलांचे १२ संघ, बाद पद्धत, रोज साधारण ४०० प्रेक्षक. तुमची स्पर्धा लहान किंवा मोठी असेल तर त्या हिशेबाने कमी-जास्त करा.

‘पर्यावरणपूरक स्पर्धा’ असा फलक लावून कागदी कप आणायचे आणि ते गोळा करायला पहाटे सफाई कामगारांना चहावर राबवायचं, हे अनेक ठिकाणी चालतं. महिलांना बरोबरीचं बक्षीस जाहीर करून त्यांचे सामने दुपारी दोनला रिकाम्या मैदानात उरकणंही चालतं. या दोन्ही चुका पहिल्या बैठकीत, खर्चाच्या कागदावरच होतात. म्हणून सुरुवात तिथून.

आठ आठवडे आधी: खर्चाचा कागद

मंडप, वीज, ध्वनी, चषक, पंचांचं मानधन, जेवण या ओळी प्रत्येकाच्या कागदावर असतात. पुढच्या पाच बहुधा नसतात: भांडी धुणाऱ्यांची मजुरी, सफाईची मजुरी, शौचालयं आणि ती उपसण्याचा खर्च, बाहेरगावच्या संघांचा प्रवास, प्रथमोपचार. ज्या कामाला कागदावर ओळ नाही ते शेवटी कुणाच्या तरी अंगावर फुकट पडतं, आणि ते कुणाच्या अंगावर पडणार हे गावाला आधीच माहीत असतं. या पाच ओळी सगळ्यात आधी भरा, चषकाची ओळ शेवटी.

बक्षिसाची रक्कम एकूण ठरवा आणि सरळ निम्मी करा. ६०,००० रुपये असतील तर दोन्ही गटांना ३०,०००: विजेता १२,०००, उपविजेता ८,०००, उपांत्य फेरीत हरलेल्या दोन संघांना ५,००० प्रत्येकी. प्रवेशशुल्क दोघांनाही सारखंच ठेवा. ‘महिलांचे संघच कमी येतात’ हे कारण बैठकीत हमखास निघेल. संघ कमी येतात कारण बक्षीस कमी, वेळ अडचणीची आणि रात्री परत जायची सोय नाही. बाराऐवजी पाचच संघ आले तर बक्षीस कापू नका, बाद पद्धत सोडून साखळी खेळवा. पाच संघांत दहा सामने होतात आणि प्रत्येक संघाला चार सामने मिळतात. एवढे सामने एका हिवाळ्यात मिळणं ग्रामीण मुलींच्या संघाला सहसा जमत नाही.

खेळाडू नाहीत, हेही खरं नाही. २०१२ साली पाटण्यात झालेला पहिला महिला विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे आणि सुवर्णा बारटक्के या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ पासून चालू आहे. महिलांची तशी स्पर्धा २०१६ मध्ये तीन संघांची झाली आणि एका हंगामानंतर थांबली. दुष्काळ व्यासपीठाचा होता. टेनिसमध्ये अमेरिकन ओपनने १९७३ साली समान बक्षीस दिलं, विम्बल्डनला २००७ उजाडलं. तालुक्याच्या मंडळाला हा निर्णय घ्यायला एक बैठक पुरते.

प्रायोजक निवडताना गुटखा-पानमसाल्याच्या नावाशी जुळणारी ‘वेलची’ किंवा ‘पाणी’ आलं तर नम्रपणे नाही म्हणा. मैदानाच्या कडेच्या पिचकाऱ्या मग तुम्हालाच धुवाव्या लागतात.

सहा आठवडे आधी: परवानग्या आणि तारीख

जिल्हा कबड्डी संघटनेची मान्यता, जागेच्या मालकाचं पत्र, पोलीस ठाण्याची परवानगी, ध्वनिक्षेपकाचा वेगळा परवाना आणि तात्पुरती वीजजोडणी हे पाच कागद लागतातच. सहावा बहुतेक मंडळं विसरतात. घनकचरा व्यवस्थापन नियमांत शंभरावर माणसं जमणाऱ्या कार्यक्रमाची खबर स्थानिक संस्थेला किमान तीन कामाचे दिवस आधी देण्याची आणि कचरा वेगळा करून सोपवण्याची जबाबदारी आयोजकावर टाकलेली आहे. नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आरोग्य विभागात पत्र द्या आणि गाडी किती वाजता येईल ते त्याच पत्रावर लिहून घ्या.

तारीख नोव्हेंबर ते जानेवारीत धरा. मार्चनंतर ज्या गावात टँकर सुरू होतात तिथे मैदानाच्या मातीवर पाणी मारलेलं लोकांच्या डोळ्यात खुपतं, आणि खुपायलाच हवं. दहावी-बारावीच्या परीक्षाही टाळा.

माती की मॅट

मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, म्हणून मंडळांना मॅटचा मोह होतो. मॅटवर बूट सक्तीचे असतात. बारा जणींच्या संघात चांगले बूट तिघींकडे, हे चित्र नेहमीचं आहे. उरलेल्या उसने बूट घालून खेळतात आणि घोटा मुरगळून घेतात. शिवाय हिवाळ्यात साडेआठनंतर दव पडलं की मॅट निसरडी होते, दर सामन्याला कोरड्या कापडाने पुसावी लागते. फोमची ती मॅट फाटली की तालुक्यात तिचं पुढे काहीच होत नाही.

पहिल्या वर्षी मातीच बरी. मॅट घ्यायचीच असेल तर विकत न घेता भाड्याने घ्या आणि पाच ते दहा मापांचे बुटांचे दोन-दोन जोड मंडळाकडे ठेवा. मॅटचा सराव मुलींनाही हवा, हे म्हणणं बरोबरच आहे. पण तो सराव स्पर्धेच्या दिवशी होत नसतो.

मातीचं मैदान असं तयार करा:

१. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८ मीटर. चारही बाजूंनी एक-एक मीटर जास्त धरून दोन्ही मिळून सुमारे ३२० चौरस मीटर जागा खणायची. खोली अर्धा फूट. त्यापलीकडे आणखी दोन मीटर पट्टा मोकळा ठेवा. त्यात खुर्ची, दिव्याचा खांब, मंडपाचा तणावा काहीही नको.

२. माती त्याच मैदानाची चाळून वापरा. पाच मिलिमीटरची चाळण पुरते. शेतातली वरची माती उचलून आणू नका. मुरूम तर अजिबात नको, गुडघे आणि कोपरं सोलून निघतात.

३. दहा घमेली मातीला एक घमेलं लाकडाचा भुसा आणि थोडं पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण नको, खरचटलेल्या जखमेत ते गेलं की धनुर्वाताची भीती असते. प्लायवुड कापलेला भुसाही नको, त्यात डिंक आणि बारीक कुसळं असतात. भुसा जास्त झाला तर चढाई करणाऱ्याचा पाय मागे सरकतो.

४. तीन दिवस आधीपासून थोडं थोडं पाणी देऊन एकूण ६,४०० लिटरपर्यंत मुरवा आणि हाताचा रोलर फिरवा. नंतर रोज सामन्याआधी ६०० ते ७०० लिटर शिंपण पुरते. हे पाणी विहिरीचं किंवा प्रक्रिया केलेलं वापरा, नळाचं नको. शिंपण दुपारी चारला संपवा. सामन्याच्या तोंडावर मारलं तर चिखल होतो आणि मध्यरेषेजवळ माती गोळ्यांनी उचलली जाते.

५. रेषांना फक्की मारताना कळीचा किंवा विरवलेला चुना वापरू नका. पकडीत तोंड मातीत जातं, तो डोळ्यांत गेला तर भाजतं. खडूची भुकटी घ्या. रेषांच्या टोकांना खुंट्या जमिनीच्या खाली ठोकून ठेवा म्हणजे रोज टेपने मोजावं लागत नाही.

दोन्ही मैदानं लांबीला समांतर, मध्ये सहा मीटर जागा सोडून आखा. महिलांचं मैदान पाण्याच्या टाकीमागे, एका दिव्याखाली आणि पुरुषांचं व्यासपीठासमोर, असं होऊ देऊ नका. दिवे मोजून सारखे, गुणफलक सारखा, समालोचक दोन. आणि समालोचकाच्या हातात दोन्ही गटांच्या खेळाडूंची नावं असलेला कागद द्या. नाहीतर पुरुषांच्या मैदानावर नावानिशी वर्णन चालतं आणि महिलांच्या मैदानावर नुसतं ‘या मुलीने छान पकड केली’.

वेळापत्रक

पुरुषांचा सामना २०-५-२० मिनिटांचा, महिलांचा १५-५-१५. तक्रारी, विश्रांती, संघ बदलणं धरून पुरुषांच्या सामन्याला ६० आणि महिलांच्या सामन्याला ५० मिनिटं लावा. बारा संघांत चार संघांना पहिली फेरी न खेळता पुढे चाल मिळते. ती आणि प्रतिस्पर्धी, दोन्हींच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढा.

पहिल्या दिवशी प्रत्येक गटाचे चार सामने, दुसऱ्या दिवशी चार उपउपांत्य, तिसऱ्या दिवशी दोन उपांत्य आणि अंतिम. साडेपाचला सुरुवात केली तर महिलांचं मैदान पावणेनऊ-नऊला आणि पुरुषांचं साडेनऊला मोकळं होतं. तिसऱ्या दिवशी पाचला सुरू करा. उपांत्य सामने दोन्ही मैदानांवर एकाच वेळी, अंतिम सामने मात्र एकामागोमाग, म्हणजे प्रेक्षक दोन्हीकडे जातात. शेवटचा सामना कोणाचा हे नाणेफेकीने ठरवा आणि पुढच्या वर्षी उलटा करा. शेवटचा सामना म्हणजे मुख्य सामना, असं प्रेक्षक समजतात.

हे सगळं उशिरा सरकतं त्याचं कारण एकच असतं: उद्‌घाटन. पाहुण्यांची वाट बघत तासभर गेला की तो तास रात्री महिला संघांच्या शेवटच्या बसमधून कापला जातो. सामने ठरल्या वेळी सुरू करा. पाहुणे आले की दोन सामन्यांच्या मधल्या दहा मिनिटांत नारळ फोडा. पुढच्या रांगेतले सोफेही नकोत. तिथे वर्तुळाकार सतरंज्या टाकल्या तर बायका आणि मुलं पुढे बसतात. व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकाला मैदानाच्या पातळीवरच जागा ठेवा. व्यासपीठावर बक्षीस द्यायचं असेल तर उतार एकास बाराचा हवा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांब. ते जमत नसेल तर सगळीच बक्षिसं खाली मैदानात द्या.

प्रवास: सगळ्यात मोठा धूर इथला

कप-बाटल्यांवर तावातावाने बोललं जातं, पण इंधनाचा हिशेब करून बघा. पहिल्या दोन दिवशी सोळा-सोळा आणि तिसऱ्या दिवशी आठ संघ येतात, म्हणजे चाळीस फेऱ्या. सरासरी ४० किलोमीटर अंतर धरलं तर जाऊन-येऊन ३,२०० किलोमीटर. दहाच्या ॲव्हरेजने ३२० लिटर डिझेल, म्हणजे सुमारे ८६० किलो कार्बन डायऑक्साइड. तीन रात्रींच्या दिव्यांचा हिशेब त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो.

म्हणून तीन गोष्टी करा. प्रतिस्पर्धी चिठ्ठीने ठरले तरी वेळ रस्त्याप्रमाणे द्या: एकाच मार्गावरच्या दोन संघांना लागोपाठचे सामने दिले की एक गाडी दोघांना पुरते. जिंकलेल्या लांबच्या संघांची रात्रीची राहण्याची सोय शाळेच्या खोल्यांत करा. महिला संघांसाठी खोल्या वेगळ्या, आतून कडी असलेल्या, आणि सोबत मंडळातल्या दोन महिला. आणि जागा शक्यतो एसटी स्थानकाजवळ निवडा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे, त्यामुळे बारा जणींचा संघ एसटीने आला तर गाडी भाड्याने घेण्यापेक्षा किती तरी स्वस्त पडतं. प्रवेशपत्रिकेवर प्रत्येक दिशेच्या शेवटच्या गाडीची वेळ छापा. ती वेळ सामन्याआधी येत असेल तर त्या संघाचा सामना आधी घ्या.

पाणी आणि पेले

पहिल्या दिवशी सोळा संघांची व्यवस्थापक धरून २२४ माणसं येतात. खेळाडूला तीन लिटर, प्रेक्षकाला एक लिटर धरलं तर साधारण १,१०० लिटर प्यायचं पाणी लागतं. म्हणजे २० लिटरचे ५५ जार, किंवा अर्ध्या लिटरच्या २,२०० बाटल्या. बाटल्यांची गरजच नाही.

कागदी कप हा उपाय नाही. त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. तो कागदाच्या रद्दीत घेत नाहीत आणि खतातही कुजत नाही. प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, सजावटीचा थर्माकोल यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. महाराष्ट्राची बंदी तर मार्च २०१८ ची. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००.

स्टीलचे ३०० पेले मंगल कार्यालयातून किंवा बचत गटाच्या भांडीसंचातून भाड्याने घ्या. मोजून घ्या, मोजून परत करा. दहा-पंधरा हरवतातच, त्याची ओळ खर्चात ठेवा. धुण्याची जागा अशी लावा: कमरेइतक्या उंच टेबलावर तीन टब. पहिल्यात साबणाचं पाणी आणि घासणी, दुसऱ्यात स्वच्छ पाणी, तिसऱ्यात २० लिटर पाण्याला ५० मिलिलिटर सोडियम हायपोक्लोराइट, चार टक्क्यांचं. तिसऱ्यात दोन मिनिटं बुडवून पेले जाळीवर उपडे ठेवा. फडक्याने पुसू नका, तेच फडकं सगळीकडे फिरतं. दुसऱ्या टबातलं पाणी दर शंभर पेल्यांनी बदला आणि साबणाचं सांडपाणी मैदानापासून लांब शोषखड्ड्यात सोडा. टब जमिनीवर ठेवले तर धुणारा तासाभरात कंबर धरून बसतो आणि पेले नुसते बुडवून परत येतात. रोगराई तिथून पसरते.

आता खरा प्रश्न: धुणार कोण? इथे जरा थांबायला हवं. पळवणकर बाळू हे भारताचे पहिले मोठे डावखुरे फिरकी गोलंदाज, दलित समाजातले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पुण्यात ते हिंदूंच्या संघातून खेळायला लागले तेव्हा मैदानावर सगळे त्यांच्याच चेंडूने सामना जिंकत, पण चहाच्या सुट्टीत त्यांना चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. वापरून फेकायच्या भांड्याचा आपल्याकडचा इतिहास हा असा आहे. आजही ‘उष्टं कोण धुणार’ या प्रश्नावर बैठक गप्प होते आणि कुणीतरी कागदी कपांची ऑर्डर देऊन टाकतं.

दोन मार्ग आहेत. एक, बचत गटाला किंवा मजुरांना काम द्या: दर लेखी, किमान वेतनापेक्षा कमी नाही, रबरी हातमोजे, दोन तासांनी पाळी बदल, जेवण सगळ्यांबरोबर. दर तुमच्या भागात किती आहे ते कामगार कार्यालयात विचारून घ्या. दोन, स्वयंसेवकांचं पाळीपत्रक करा आणि त्यात अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार यांची नावं पहिल्या पाळीत टाका. चिठ्ठीने पाळी ठरवली तरी चालेल, पण आडनावं बघून ठरवलेली नको. दोन्ही मार्ग एकत्र वापरले तर उत्तम चालतं: मजुरीवर चार जण, स्वयंसेवक दोन.

खोल्या, शौचालयं, तक्रार

पहिल्या दिवशी महिला खेळाडू आणि व्यवस्थापक मिळून ११२ जणी येतात. त्यांच्यासाठी किमान चार शौचालयं, प्रेक्षक महिलांसाठी वेगळी दोन. आत दिवा, कडी, बादली, मग, कपडे टांगायला खुंटी. खुंटी क्षुल्लक वाटते, पण ती नसली की जर्सी ओल्या फरशीवर. झाकणाची लहान कचरापेटी, शेजारी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे आणि पॅडचं एक पाकीट. हा कचरा सुक्यात मिसळू नका. तो वेगळ्या पिशवीत, लाल खूण करून गाडीला द्या. मैदानापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर दर दहा पावलांवर दिवा हवा. वाट अंधारी असली तर मुली पाणीच पीत नाहीत आणि दुसऱ्या सामन्यात पायात गोळे येतात.

फिरती शौचालयं भाड्याने घेतली तर टाकी यंत्राच्या गाडीनेच उपसली जाईल असं करारात लिहा. माणसाला आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

कार्यस्थळी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा स्पर्धेच्या मैदानालाही लागू होतो, त्यात क्रीडासंकुलं आणि स्पर्धेची ठिकाणं स्पष्ट लिहिलेली आहेत. दोन महिलांची नावं आणि फोन खोल्यांच्या दारावर लावा. मंडळात दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. लहान मुलांच्या मदतीचा १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांकही तिथेच लिहा. प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक पुरुष असला तरी महिलांच्या खोलीत येणार नाही, हा नियम पत्रिकेवर छापा. लेगिंग घालून खेळायची मुभा आहे, हेही तिथेच छापा. सांगितलं नाही तर काही मुली घरूनच येत नाहीत.

पंच प्रत्येक मैदानाला सहा: मुख्य पंच एक, पंच दोन, गुणलेखक एक, सहायक दोन. त्यांत महिला पंच असाव्यात आणि त्यांनी पुरुषांच्या सामन्यातही काम करावं. मानधन सामन्यावर, माणूस बघून नाही.

दिवे आणि आवाज

प्रत्येक मैदानाला २०० वॉटचे आठ एलईडी फ्लडलाइट पुरतात. ध्वनी, खोल्या आणि वाटा धरून एकूण भार साधारण सव्वापाच किलोवॉट, तीन रात्रींचे मिळून ९० युनिट. महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या. एवढ्या भाराला मंडपवाला ६२ केव्हीएचा जनरेटर आणून उभा करतो. तो जवळजवळ रिकामा चालतो आणि गरजेच्या दुप्पट डिझेल पितो. लाइट गेली तर म्हणून १० ते १५ केव्हीएचा पुरे. त्याचा धूर वाऱ्याने प्रेक्षकांकडे किंवा स्वयंपाकाकडे येईल अशा जागी तो ठेवू नका. दिव्यांचे तोंड खाली, मैदानात ठेवा. आडवे लावले तर पकड करणाऱ्याच्या डोळ्यांवर येतात.

ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, हा २००० सालच्या नियमांचा आदेश आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. दोन मोठ्या भिंतींऐवजी सहा लहान स्पीकर डोक्याइतक्या उंचीवर, आत तोंड करून लावले तर कमी आवाजात सगळ्यांना ऐकू येतं. शाळा, रुग्णालयं, न्यायालयं यांच्या भोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र असू शकतं, म्हणून ठाण्यात आधी विचारा. अंतिम सामन्यानंतर चमकीची तोफ उडवू नका. ती प्लॅस्टिकची चमकी मातीतून निघत नाही आणि पुढच्या वर्षीच्या खणण्यात सापडते.

फलक, चषक, जेवण

फलक कापडाचे, त्यावर वर्ष लिहू नका. तारखेची पट्टी वेगळी टाचून लावा, म्हणजे फलक चार वर्षं चालतो. ‘भाऊंचा फोटो हवाच’ अशी मागणी आली तर गुणलेखकाच्या टेबलाचं कापड प्रायोजकाला द्या. सगळ्या छायाचित्रांत तेच येतं, ही गोष्ट भाऊंना लगेच पटते. चषक एक फिरता, बाकी बक्षीस गुडघ्याच्या पट्ट्या, बूट यांत. रोख रक्कम संघ-व्यवस्थापकाच्या हातात न देता खेळाडूंच्या खात्यात वळती करा.

जेवण झुणका-भाकर, खिचडी, ताक. ताटं स्टीलची नाहीतर पळसाच्या पत्रावळी. पत्रावळ घेताना मागची बाजू सोलून बघा, काहींना प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो. खेळाडू, पंच, स्वयंसेवक, मजूर एकाच पंगतीत.

कचरा आणि शेवटची रात्र

पंधरा-वीस पावलांवर ओला आणि सुका अशा जोड्या, एकूण सहा ठिकाणी. एकटी पेटी ठेवली की दोन्ही कचरा त्यात पडतो. पहिले दोन तास प्रत्येक जोडीपाशी एक मुलगा किंवा मुलगी उभी ठेवा, नंतर लोक आपोआप बघून टाकतात. साध्या लोंबत्या काट्यावर रोजचा कचरा वजन करून वहीत लिहा: ओला, सुका, सॅनिटरी. तीन दिवसांच्या वजनाला एकूण माणसांनी भागून ग्रॅममध्ये आकडा काढा. पुढच्या वर्षी बैठकीत याच आकड्यावर बोलता येतं.

सफाई रात्री बारानंतर लावू नका. शेवटचा सामना संपल्यावर अर्धा तास माइकवरून सांगून स्वयंसेवकांनी मोठा कचरा उचलायचा, झाडलोट सकाळी सातला, उजेडात. नगरपालिकेचे कामगार बोलावले तर त्यांच्या जादा वेळेचे पैसे कोण देणार हे आधी लेखी ठरवा.

तिसऱ्या रात्री मंडप उतरायच्या आधी मजुरी वाटा: धुणाऱ्या बायका, सफाईवाले, वायरमन, पहारेकरी. प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम आणि सही. पाहुण्यांच्या निरोपात हे काम ‘उद्या बघू’ वर जातं आणि महिनाभर रेंगाळतं, म्हणून खजिनदाराने बक्षीस समारंभाला बसायचंच नाही, टेबल लावून हेच काम करायचं. जमाखर्चाचा कागद पुढच्या रविवारी मैदानाच्या फाटकावर चिकटवा, वजनाचा आकडा त्याच्याखाली. पेले मोजून परत, मैदानातल्या खुंट्या उपसून मोजा. एखादी जरी राहिली तरी पहाटे अनवाणी धावायला येणाऱ्या पोराच्या पायात ती घुसेल.